मागणी घटली

यंदा बटाटा सगळा एकदमच निघाला. ऊन पंधरा दिवस आधी तापलं, जमिनीत ठेवला तर सडेल म्हणून ज्याने त्याने उकरून काढला, आणि शीतगृहाच्या फाटकापासून कालव्याच्या पुलापर्यंत गाड्यांची रांग लागली. चार मजली शीतगृह, त्याला लाकडी जिना. साठ हमाल पाठीवर पोती घेऊन दिवसभर तो जिना चढायचे. बाहेर अंगाची लाही व्हायची आणि आत शिरलं की घामाने भिजलेलं बनियन पाठीवर बर्फासारखं चिकटायचं. दिवसातून शंभर वेळा अंग तापायचं आणि शंभर वेळा गारठायचं.

फाटकाशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीस बायका बटाटा निवडायच्या. कापलेला, हिरवा पडलेला, मऊ लागलेला बटाटा बाजूला काढायचा आणि बाकीचा पोत्यात भरायचा. त्या बायकांची म्होरकी अक्का. सगळं आवार तिला अक्का म्हणायचं, पण ती खरी अक्का एकाचीच, उंटाची. उंट हा तिचा धाकटा भाऊ. लांब मान, लांब पाय, आणि एका पैजेत दोन पोती एकावर एक घेऊन चौथा मजला गाठला तेव्हापासून हे नाव पडलेलं. पैज जिंकला आणि कंबर गमावून बसला. त्या दिवशी पाठीत जे काही सटकलं ते पुन्हा जागेवर आलंच नाही.

फाटकासमोरच्या औषधाच्या दुकानात दुखणं मारणारी पांढरी गोळी मिळायची. चिठ्ठी कुणी मागत नसे. हमाल तिला 'पाठ' म्हणायचे. "पाठ घेतलीस का?" असं सकाळी एकमेकांना विचारायचे. उंटाने आधी एक घेतली, मग दोन, आणि पुढेपुढे दाणे टाकावेत तशा तोंडात टाकू लागला. गेल्या हंगामात त्याची बायको मुलीला घेऊन माहेरी गेली. जाताना अक्काला एवढंच म्हणाली, "ते माणसात आले की कळवा, मी त्या दिवशी येते."

हंगाम ऐन भरात असताना एका सोमवारी त्या दुकानावर धाड पडली. दुकानदाराला जीपमध्ये घातलं, खोकी बाहेर काढली, दाराला सील ठोकलं. जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांत दोन-चार हमालही होते. सगळे वाजवतात म्हणून वाजवल्या असतील.

मंगळवारी सकाळी साठांतले एकोणीस हमाल उठलेच नाहीत.

उंट भिंतीकडे तोंड करून पडला होता. गुडघे पोटाशी, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर सोललेल्या कोंबडीसारखा काटा. जांभई आली की जबडा निखळेल अशी यायची. पाय आपोआप झटके मारत होते.

"अक्के, हाडांच्या आत कुणीतरी चालतंय गं."

तिने घमेलं पुढे धरलं. तो ओकला. पुन्हा धरलं. मग तिने त्याच्या पोटऱ्या रगडायला घेतल्या. चाळिशीच्या माणसाच्या पोटऱ्या, पण लहानपणी ताप आला की दाबायची तशाच दाबत राहिली.

हमालांचा मुकादम दारात आला. आत डोकावला नाही, चौकटीला हात टेकून बोलला.

"अक्का, उंटाला उठवा. चौथा मजला रिकामा पडलाय."

"त्याला काय झालंय ते दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसतंय की. पण मला रस्त्यावरच्या गाड्यासुद्धा दिसतायत."

गुरुवारी कालव्याच्या पलीकडे, झाडाखाली एक मोटरसायकलवाला येऊन उभा राहिला. त्याच्याकडे कागदाच्या पुड्या होत्या. गोळीपेक्षा जहाल माल. शुक्रवारी एकोणीसच्या एकोणीस हमाल कामावर हजर झाले. मुकादमाने कुणाला काही विचारलं नाही. गाड्या हलू लागल्या.

त्यानंतरच्या आठवड्यात सरकारी साहेब आला. तरुण, किडकिडीत, घसा बसलेला. फायल छातीशी धरून तो निवडीच्या शेडमध्ये उभा राहिला आणि म्हणाला, "पुरवठ्याचं काम पोलिसांनी केलं. आता माझं काम मागणी कमी करण्याचं."

"बटाट्याची?" मागून एका बाईने विचारलं, आणि शेड हसलं.

साहेब चिडला नाही. "नशेची मागणी, ताई. घेणाराच नसेल तर विकणारा कशाला येईल? एक विकणारा धरला की दुसरा येतो. घेणाऱ्याला बरं केलं पाहिजे."

अक्काला ते पटलं. दिवसभर बटाटे निवडताना तिच्या डोक्यात तेच घोळत होतं. इतक्या दिवसांत कुणीतरी पहिल्यांदाच शहाण्यासारखं बोललं होतं. पण साहेबाने पिशवीतून काढून शेडच्या खांबाला जे चित्र चिकटवलं, त्यात एक सांगाडा हातात सुई टोचून घेत होता.

"साहेब, इथे सुई कुणी टोचत नाही. पाठ दुखते म्हणून घेतात सगळे."

"चित्रं वरून छापून आलीत, अक्का."

"बरं, असू द्या. पण यावर औषध काही आहे का? का नुसतं घाबरवायचं?"

साहेबाचा चेहरा एकदम उजळला. हा प्रश्न त्याला बहुतेक कुणी विचारतच नसावं. "आहे ना! तालुक्याला केंद्र उघडलंय. जिभेखाली ठेवायची गोळी देतात. रोज यावं लागतं पण. सकाळी दहा ते एक."

दुसऱ्या दिवशी अक्का उंटाला घेऊन निघाली. बसने सव्वा तास लागायचा. केंद्र म्हणजे जुन्या दवाखान्याच्या मागची एक खोली, दोन बाक, आणि एक नर्सबाई. ती जाडजूड, धापा टाकत बोलायची, आणि कुणाकडेही नाक मुरडून पाहायची नाही.

"कधीपासून घेताय?"

"पाठ गेल्यापासून," उंट म्हणाला.

"पाठ दाखवली का कुठे?"

"दाखवायला थांबलो तर पोतं कोण उचलणार?"

"जीभ वर करा." तिने गोळी जिभेखाली ठेवली. "आता दहा मिनिटं तोंड उघडायचं नाही. गिळायचं नाही. माझ्यासमोर बसायचं."

उंट शाळेतल्या पोरासारखा हात मांडीवर ठेवून बसला. अक्काला हसू आलं. परत येताना बसमध्ये त्याला झोप लागली. पाय हलत नव्हते.

आठव्या दिवशी त्याने डबा पुसून खाल्ला आणि विचारलं, "अजून उरलंय का काही?" अक्काने "बघते" म्हणून पाठ फिरवली आणि भांडी उगाचच वाजवत बसली. महिन्याच्या शेवटी येते, असा त्याच्या बायकोचा निरोपही आला.

घोडं अडलं ते कामावर. उंट पहाटे पाचला यायचा, साडेसातला बस धरायचा आणि दोनला परतायचा. मुकादमाने त्याला टोळीतून काढून सडक्याच्या खड्ड्यावर लावलं. निवडून टाकलेला सडका बटाटा फावड्याने ढकलायचा आणि नाली धुवायची. पोटरीपर्यंत काळा चिखल, वर माशांचा ढग. ज्याने दोन पोती घेऊन चौथा मजला गाठला तो आता फावडं धरून वास मारत उभा. जिन्यावरून जाणारे ओरडायचे, "उंट चिखलात बसला रे!" उंट हसून हात करायचा. घरी आल्यावर मात्र अंग घासूनघासून लाल करायचा.

हसणाऱ्यांपैकीच पाचजण एकेक करून अक्काकडे आले. कुणी पाणी प्यायच्या निमित्ताने, कुणी सुतळी मागायला.

"अक्का, ती गोळी खरंच लागू पडते का हो?"

"माझा भाऊ दिसत नाही का तुला?"

पुढच्या आठवड्यात बसमध्ये सहाजण होते. त्यांत पिपाणी नावाचा एक होता. जिना चढताना त्याच्या छातीतून शिट्टी वाजायची म्हणून पिपाणी. तो वाटभर बोलत राहायचा, आणि गोळी जिभेखाली गेली की ती दहा मिनिटं गप्प बसणं म्हणजे त्याला काळ्या पाण्याची शिक्षा वाटायची. नर्सबाई त्याच्यासमोर बोट नाचवायची.

आठ दिवस चाललं. मग मुकादमाने सकाळी फाटकात उभं राहून जाहीर केलं, "जो बसमध्ये बसेल त्याचं नाव टोळीतून गेलं. मला इथे हमाल पाहिजेत, पेशंट नकोत."

पाचांतले तीन दुसऱ्या दिवशी आले नाहीत. उरलेले दोन त्यानंतरच्या. पिपाणी अक्काची नजर चुकवायला शेडला वळसा घालून जाऊ लागला. उंट एकटाच राहिला, कारण त्याचं नाव आधीच गेलेलं होतं.

अक्का रजा टाकून साहेबाच्या कचेरीत गेली. बाकावर दोन तास बसली. शेवटी साहेबाने आत बोलावलं.

"साहेब, केंद्र दहाला उघडतं. दहाला आमची माणसं जिन्यावर असतात. पहाटे उघडा, नाहीतर संध्याकाळी."

"वेळ वरून ठरते, अक्का."

"मग गोळी घेऊन नर्सबाईंना इकडे पाठवा. शेडमध्ये मी कोपरा झाडून देते. दहा मिनिटांचं तर काम."

"ती गोळी केंद्राबाहेर नेता येत नाही. फार कडक नियम आहे."

"आणि पुडी?"

"पुडीचं काय?"

"पुडी कालव्यावर येते. पहाटे पाचला येते, दुपारी येते. पाऊस असो, ऊन असो. तिला बरं चालतं बाहेर नेलेलं."

साहेबाने चष्मा काढून डोळे चोळले. तो लबाड नव्हता. तेच अक्काला जास्त खटकत होतं. लबाड असता तर शिव्या देऊन मोकळी झाली असती.

"मी दोनदा लिहून पाठवलंय वर," तो म्हणाला. "उत्तर नाही."

"निदान मालकाला सांगा की माणसांना जाऊ द्या."

"बोललो. ते म्हणाले, शपथेचा कार्यक्रम आमच्या आवारात घ्या, चहा आमच्याकडून."

आणि शपथ झालीच. सगळ्या हमालांना अर्धा तास थांबवून शेडमध्ये उभं केलं. हात पुढे करून त्यांनी साहेबामागून वाक्यं म्हटली. शपथ घेताना कित्येकांचे डोळे बारीक झालेले होते, दोघं तर उभ्याउभ्या पेंगत होते. मग साहेबाने उंटाला पुढे बोलावलं, एका खोक्यावर उभं केलं आणि त्याच्या डोक्यावर पांढरी टोपी घातली.

"हे पहा! तुमच्यातलेच. आज नशामुक्त!"

उंट खोक्यावर आणखीच उंच दिसत होता. मान खाली घालावी तर टोपी घसरत होती. मुकादमाने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. फोटो निघाला.

तो फोटो वर्तमानपत्रात आला, खाली नशा सोडलेला हमाल म्हणून. चौथ्या दिवशी उंटाचे सासरे आले. पाणीही न घेता उभेच राहिले.

"आतापर्यंत घरातली गोष्ट घरात होती. आता चार गावांत छापून आली. लोक विचारतात, तुमचा जावई गर्दुल्ला होता का? पोरीला मी इतक्यात पाठवत नाही."

"अहो मामा, बरा झालाय म्हणून तर छापलं," अक्का म्हणाली.

"बरा झालाय तर छापायला कशाला पाहिजे होतं?"

सासरे गेल्यावर उंट उंबऱ्यावर येऊन बसला.

"चांगला झालो म्हणून छापलं," तो म्हणाला, "आणि छापलं म्हणून वाईट झालो. काय अक्के, कसं करायचं माणसाने?"

पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो बसला गेला. अक्काने दारातून पाहिलं आणि मगच चूल पेटवली.

त्यानंतरच्या सोमवारी पिपाणी जिन्यावरून पडला. तिसऱ्या मजल्यावरून पोत्यासकट खाली. पुडी घेऊन चढत होता, पायरी कुठे आहे तेच त्याला कळलं नाही. उंटाची बस धरायची वेळ झाली होती, तो फावडं टाकून धावला. पिपाणीची मांडी मधेच वाकली होती आणि तो ओरडत नव्हता. नुसता वर बघत होता आणि छातीतली शिट्टी वाजत होती. उंटाने त्याला एकट्याने उचलून गाडीत घातलं आणि जवळच्या दवाखान्यात घेऊन गेला. त्या दिवशीची त्याची बस चुकली, गोळीही चुकली.

मुकादमाने जिन्यावर दोन बादल्या पाणी ओतायला लावलं. "चला, पुढची गाडी."

अक्काच्या हातात बटाटा होता. तो तिने खाली ठेवला आणि जमिनीवर बसली. शेजारची बाई तिच्याकडे बघून बसली. मग पलीकडची. बघताबघता तीसही बायका बसल्या. न निवडलेला माल शीतगृहाचा मिस्त्री आत घेत नसे, सगळी खोली नासण्याची त्याला भीती. बाहेर गाड्यांचे हॉर्न सुरू झाले.

मुकादम धावत आला. "तुम्हाला काय त्रास आहे? तुम्ही तर गोळ्या घेत नाही!"

"म्हणूनच तर बसू शकतो," अक्का म्हणाली. "ती बिचारी माणसं बसली तर थरथरतात."

"पाहिजे काय तुम्हाला?"

"रोज सकाळी नऊला टेम्पो. ज्याला केंद्रात जायचं त्याला न्यायचं, बाराला परत आणायचं. कुणाचं नाव कापायचं नाही."

मुकादम ओरडला, मग त्याने समजावलं, मग दोघी-तिघींना नावानिशी धमकावलं. कुणी उठलं नाही. उन्हात गाड्यांवरचा माल घाम सोडू लागला तसे शेतकरी मुकादमाच्या अंगावर धावून जाऊ लागले. दुपारी मालकाचा फोन आला. मुकादम लांब जाऊन बोलला, परत आला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "न्या टेम्पो."

मंगळवारी सकाळी अक्का टेम्पोत पुढे बसली आणि मागे अकराजण चढले. अक्काने अकरा धरले नव्हते. काही तोंडं पाहून तर तिला धक्काच बसला, हे पण घेतात? एकजण नवीन शर्ट घालून आला होता. उंट सकाळपासून जांभया देत होता, नाक पुसत होता, पण मागच्या फळीवर बसून तो सगळ्यांना सांगत होता, "गिळायची नाही बरं का. दहा मिनिटं गप्प. नर्सबाई बोट दाखवते, घाबरायचं नाही." जे त्याला चिखलात बसलेला म्हणून हसले होते ते कान देऊन ऐकत होते.

केंद्राला कुलूप होतं.

दारावर कागद लावलेला. उंटाने बोट ठेवून वाचला. रुग्णसंख्या घटल्याने आजपासून केंद्र फक्त सोमवारी व शुक्रवारी उघडे राहील.

शिपाई बाहेर आला. "नर्सबाईंची बदली झाली. दुसऱ्या येतील त्या शुक्रवारी."

तेवढ्यात साहेब दवाखान्याचा जिना उतरत आला. हातात तीच फायल. अक्काला पाहून थबकला.

"हे काय साहेब?"

"माझ्याही हातात कालच पडलं, अक्का. नोंदवहीत मागच्या महिन्यात सहाजण होते, या महिन्यात एकच उरला. आणि शपथ घेणारे साठ. वरच्यांनी आकडे पाहिले. त्यांचं म्हणणं, मागणी घटली."

"मागणी घटली?"

"कागदावर तसं दिसतं."

"मग हे कागदावर घ्या!" अक्का किंचाळली. तिला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही. "हे अकराजण उभे आहेत. मोजा. मोजा ना! तीस बायकांनी काल उपाशी बसून यांना इथवर आणलंय. काढा वही, लिहा नावं. मागणी आहे म्हणून लिहा!"

साहेबाने शिपायाकडे पाहिलं. शिपाई हळूच म्हणाला, "बंद दिवशी नोंद करता येत नाही, साहेब. वही पण आतच आहे."

"मी आज पुन्हा लिहितो वर," साहेब म्हणाला. त्याचा घसा आणखीच बसला होता. "खरंच लिहितो, अक्का."

अक्काने हात जोडले नाहीत की शिव्याही दिल्या नाहीत. ती दाराशी गेली आणि कुलूप ओढून पाहिलं, दोनदा, जसं काही चुकून उघडं राहिलं असेल. नवीन शर्टवाला पायरीवर बसला होता. त्याच्या हनुवटीला कंप सुटला होता. "चला अक्का," तो म्हणाला. "परत न्या. उशीर झाला तर अजून वाईट होईल."

परतीच्या वाटेत एकाला ओकारी आली म्हणून दोनदा थांबावं लागलं.

कालव्याच्या पुलावर टेम्पोचा वेग कमी झाला. झाडाखाली मोटरसायकल उभी होती. तो माणूस टाकीवर पाय टाकून आरामात बसला होता. त्याच्या दारावर कसलाच कागद नव्हता. टेम्पो नीट थांबायच्या आधीच माणसं फळीवरून उतरू लागली. एक, दोन, चार. नवीन शर्टवाला पळत गेला. अक्काने कुणाला हाक मारली नाही. कुठल्या तोंडाने मारणार? दहाजण मोटरसायकलीभोवती उभे राहिले.

उंटही उतरला. फाटक समोर होतं, तीनशे पावलांवर, आणि झाड त्याहून जवळ. त्याच्या मानेवर काटा आला होता, घाम ठिबकत होता, आणि तो जागच्या जागी पाय बदलत होता, कधी या, कधी त्या.

"शुक्रवार म्हणजे किती दिवस गं?" त्याने विचारलं.

"तीन."

"अक्के, माझा हात धर."

फाटकात मुकादम उभा होता. जिन्यावरचे हमाल बघत होते, शेडमधल्या बायका बाहेर येऊन उभ्या होत्या. अक्काने त्याचा हात धरला. तळवा बर्फासारखा होता आणि बोटं तिच्या बोटांत रुतत होती.

"जोरात धर," तो म्हणाला. "ओढलं तरी सोडू नकोस."

आणि चाळीस वर्षांच्या भावाचा हात धरून, सगळ्या आवारादेखत, ती त्याला फाटकाकडे नेऊ लागली.